डिस्ट्रॉफीच्या स्नायूतली प्रोटीन मोजतेय, नॉर्मल सॅम्पलमध्येही डिस्ट्रोफिन दिसत नाही, काय चुकतंय?

ओवी_एमएस्सी

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, मी खरंच अडकलेय.

मी पुण्यात एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या सेमला आहे, सहा महिन्यांचा प्रोजेक्ट, त्यातले साडेतीन संपलेत. मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार) झालेल्या स्नायूत कुठली प्रोटीन वाढतात आणि कुठली कमी होतात हा विषय मी स्वतः मागून घेतलाय. माझ्या मावसभावाला ड्युशेन, म्हणजे याच आजाराचा एक गंभीर प्रकार, होती, दोन वर्षांपूर्वी तो गेला, आणि मावशी अजून मला विचारते की तू हेच शिकतेस ना, मग सांग नक्की काय बिघडलं होतं त्याच्या अंगात. मला एवढंच सांगता येतं की डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रोटीन तयार होत नव्हतं. ती म्हणते एकच प्रोटीन नव्हतं तर सगळं शरीर कसं गेलं. या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही, म्हणून हा विषय.

तर सॅम्पल असे आहेत. एमडीएक्स उंदीर, म्हणजे ज्यांच्या डिस्ट्रोफिनच्या जीनमध्ये एक्झॉन २३ ला (एक्झॉन म्हणजे जीनचा एक तुकडा) स्टॉप येतो आणि प्रोटीन पूर्ण बनत नाही ते, नर, ८ आठवड्यांचे, तीन. कंट्रोल म्हणून आमच्याच ॲनिमल हाऊसमधले ब्लॅक सिक्स जातीचे नॉर्मल उंदीर, तेही तीन. एथिक्सची परमिशन सगळी आहे. पोटरीचा स्नायू आणि डायाफ्राम असे दोन्ही काढून उणे ८० ला ठेवलेत.

पहिला घोळ असा की वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची आणि अँटीबॉडीने ओळखायची) डिस्ट्रोफिन दिसतच नाही. एमडीएक्समध्ये दिसू नये हे बरोबर, पण नॉर्मल उंदरातही नाही. ८ टक्क्यांचं जेल, सेमी-ड्राय ट्रान्सफर २५ मिनिटं, रिपा बफरमध्ये (पेशी फोडून प्रोटीन काढायचं द्रावण) काढलेलं प्रोटीन. जीएपीडीएच, म्हणजे ब्लॉट तपासायला नेहमी बघतात ते प्रोटीन, मस्त येतं, म्हणजे ब्लॉट चालतोय. अँटीबॉडी दोनदा बदलून झाली आणि आता गाईड म्हणतायत की अँटीबॉडीवर आणखी पैसे नाहीत.

दुसरा घोळ त्याहून मोठा. पोटरीच्या सॅम्पलचं मास स्पेक (एकाच वेळी शेकडो प्रोटीन ओळखून मोजणारी चाचणी) बाहेरून करून आणलं. साधारण १६०० प्रोटीन सापडली आणि त्यातली २१० 'बदललेली' म्हणून यादीत आली. कोलॅजन, पेरिओस्टिन, व्हायमेंटिन, ॲल्ब्युमिन, हिमोग्लोबिन वर गेलेत, कॅल्सिक्वेस्ट्रिन, पार्व्हाल्ब्युमिन, ॲडेनिलेट कायनेज, कितीतरी एन्झाईम खाली. आता या २१० चं करू काय? यातलं आजारामुळे कुठलं आणि नुसता कचरा कुठला? सगळ्यांवर पाथवे ॲनालिसिस चालवून रंगीत चित्र काढणं सोपं आहे, वर्गातले बरेच जण तेच करतायत, पण मावशीला ते चित्र दाखवून मी काय सांगणार.

---

बाणेर_रोड

ओवी, आधी ब्लॉटचं बोलू कारण ते लवकर सुटेल. अँटीबॉडीचा दोष नाहीये बहुतेक, तुझं डिस्ट्रोफिन मेम्ब्रेनपर्यंत पोचतच नाहीये.

डिस्ट्रोफिन ४२७ किलोडाल्टनचं आहे, ३६८५ अमिनो ॲसिड. जीएपीडीएच ३६ किलोडाल्टनच्या आसपास. त्यामुळे जीएपीडीएच छान आलं यावरून डिस्ट्रोफिनबद्दल काहीच कळत नाही, गल्लीतून सायकल निघाली म्हणून ट्रकही निघेल असं नसतं. त्यात ते स्नायूत असतंही अगदी कमी, १९८७ मध्ये जेव्हा ते पहिल्यांदा ओळखलं गेलं तेव्हाच एकूण स्नायू-प्रोटीनच्या ०.००२ टक्के एवढा अंदाज दिला होता. इतकं मोठं आणि इतकं थोडं, म्हणून त्याच्यासाठी सगळंच वेगळं करावं लागतं.

८ टक्क्यांचं जेल सोड, ३ ते ८ टक्के ग्रेडियंटचं ट्रिस-ॲसिटेट जेल घे, आणि विकत मिळत नसेल तर निदान ५ टक्क्यांचं स्वतः ओत. सेमी-ड्राय बंद, टँकमध्ये वेट ट्रान्सफर, कोल्ड रूममध्ये रात्रभर कमी व्होल्टेजवर. ट्रान्सफर बफरमध्ये मिथेनॉल १० टक्क्यांवर नको आणि थोडं एसडीएस (साबणासारखं रसायन) टाक, नाहीतर एवढं मोठं प्रोटीन जेलमध्येच बसून राहतं. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन वापर. आणि ट्रान्सफरनंतरचं जेल फेकू नकोस, कुमासीमध्ये (प्रोटीन रंगवणारा निळा रंग) टाक. मायोसिनची जाड पट्टी २२० च्या आसपास दिसते, ती जर अजून जेलमध्ये ठळक असेल तर तिच्या वरचं डिस्ट्रोफिन मेम्ब्रेनवर आलं असेल ही आशाच सोड. मी माझ्या पीएचडीचे चार महिने हे एक जेल न बघितल्यामुळे घालवलेत म्हणून एवढं आग्रहाने सांगतेय.

आणि रिपा! डिस्ट्रोफिन पेशीच्या आवरणाखालच्या सांगाड्याला धरून बसलेलं असतं, एका बाजूला ॲक्टिन, दुसऱ्या बाजूला आवरणातलं डिस्ट्रोग्लायकन. रिपाने त्यातलं बरंच सुटत नाही, सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी जो गोळा बसतो त्यात ते जातं आणि तो गोळा आपण फेकतो. भरपूर एसडीएस असलेल्या बफरमध्ये सरळ काढ. मग प्रोटीन किती आहे ते मोजायला ब्रॅडफर्ड चालणार नाही, एसडीएस त्याला गोंधळवतं, बीसीए कर, आणि डीटीटी बीसीए झाल्यावर घाल, आधी नाही.

आता तुझी यादी. यावर मला एकच विचारायचंय, भागिलं कशाने?

म्हणजे बघ. मास स्पेकला तू दोन्हीकडून सारखं प्रोटीन दिलंस, समजा १ मायक्रोग्रॅम. नॉर्मल स्नायूतल्या त्या मायक्रोग्रॅममध्ये जवळजवळ सगळं स्नायूतंतूंचं आहे. आजारी स्नायूतल्या मायक्रोग्रॅममध्ये तंतू आहेत, मध्ये भरलेलं कोलॅजन आहे, साफसफाईला आलेल्या मॅक्रोफेजेस आहेत, थोडं रक्त, थोडी चरबी. समजा १०० भागांपैकी नॉर्मलमध्ये ९० भाग तंतू आणि आजारीमध्ये ६०. आता एखादं एन्झाईम घे जे प्रत्येक तंतूत पूर्वीइतकंच आहे, त्याला काहीही झालेलं नाही. तरी तुझ्या यादीत ते ३३ टक्के घटलेलं दिसणार. पी व्हॅल्यूही सुंदर येणार, कारण घट खरीच आहे, फक्त ती तंतूच्या आत घडलेली नाही. तुझ्या 'खाली गेलेल्या' प्रोटीनमधली किती या जातीची आहेत हे आधी शोध.

ते शोधायला तंतूंच्याच एखाद्या प्रोटीनने भागून बघ, मायोसिन हेवी चेन किंवा अल्फा-ॲक्टिनिन. जीएपीडीएचने भागू नकोस, ते सायटोप्लाझममधलं विरघळणारं एन्झाईम, आजारी तंतूचं आवरण फाटतं तेव्हा असली प्रोटीन बाहेर गळतात. क्रिएटिन कायनेज रक्तात वाढतं ते असंच गळून. तेव्हा कमी झालेलं प्रोटीन तीन कारणांनी कमी दिसू शकतं, तंतूच कमी झाले, किंवा तंतूतून गळून गेलं, किंवा तंतूने बनवणं कमी केलं. तुझ्या यादीत तिन्ही एकाच रंगात आहेत.

आणि एक वाईट बातमी, कंट्रोल चुकलाय. मूळचे एमडीएक्स ब्लॅक टेन जातीचे, १९८४ मध्ये त्याच कळपात सापडले. तुझे एमडीएक्स त्याच जातीवरचे असतील तर शेजारी ब्लॅक सिक्स ठेवून चालत नाही, दोन जातींमधला फरकही तुझ्या २१० मध्ये घुसलाय. रेकॉर्ड बघून घे.

---

क्रायोस्टॅट_काका

मी बावीस वर्षं पॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, मसल बायोप्सी हाताखालून बऱ्याच गेल्या, प्रोटिओमिक्स मला कळत नाही पण सॅम्पल कळतं. ओवी बेटा, तू लिहिलंस की काढून उणे ८० ला ठेवले. कसे ठेवले? तसेच ट्यूबमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवले असतील तर ते हळूहळू गोठले, आणि हळू गोठलं की आत बर्फाचे स्फटिक होतात, तंतूंना भोकं पडतात, मग स्लाइडवर जाळी दिसते आणि नवखा माणूस त्यालाच आजार समजतो.

पद्धत अशी. स्टीलच्या भांड्यात आयसोपेंटेन घ्यायचं, ते भांडं लिक्विड नायट्रोजनमध्ये धरायचं. हलवत राहायचं. थोड्या वेळाने तळाशी आणि कडेला पांढरं पांढरं थिजायला लागतं, तुपासारखं, तेव्हा समजायचं उणे १६० च्या जवळ आलं. तेव्हाच तुकडा बुडवायचा, १५-२० सेकंद, काढायचा. सरळ नायट्रोजनमध्ये टाकलात तर तुकड्याभोवती वाफेचं कवच होतं, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो ना तसं, आणि थंडी आत पोचायला उशीर लागतो.

ऑपरेशन थिएटरमधून तुकडा येतो तो सलाईनमध्ये पोहत असलेला नको, गॉज सलाईनने ओला करून पिळून घ्यायचा आणि त्यात गुंडाळायचा. फॉर्मालिन तर अजिबात नको, एकदा एका लहान मुलाची बायोप्सी फॉर्मालिनमध्ये आली होती, कुठून ते सांगत नाही, पण ज्या टेस्टसाठी काढली होती ती होणारच नव्हती, परत त्या पोराच्या मांडीला चिरा देणं आलं. ते पोर चार वर्षांचं होतं. त्या दिवसापासून मी फोन करून आधीच सांगतो.

तुझ्यासाठी एक युक्ती. तुकडा क्रायोस्टॅटवर (गोठलेल्या तुकड्याचे पातळ काप करायचं यंत्र) चढव. पहिले दोन सेक्शन स्लाइडवर घे, एक एचअँडई (नेहमीचा रंग), एक सिरियस रेड (कोलॅजन लाल करणारा रंग). पुढचे वीस-तीस सेक्शन थंड ट्यूबमध्ये गोळा कर, ते तुझं प्रोटीन. मग परत दोन स्लाइडवर. असं केलंस की जे प्रोटीन मोजलं त्याच्या आगेमागे काय होतं, किती तंतू, किती लाल कोलॅजन, हे डोळ्यांनी बघितलेलं राहतं. या ताईंनी ९० आणि ६० म्हटलं ते आकडे तुला स्लाइडवर मोजता येतील.

फक्त चढवताना ओसीटीमध्ये (तुकडा धरून ठेवायला लावतात ते जेल) पूर्ण बुडवू नकोस. आमच्याकडे रिसर्चवाले येतात ते सांगतात की त्यातलं पॉलिमर मास स्पेकचा सत्यानाश करतं. बुडाला थोडं लाव, किंवा ट्रॅगाकँथ गोंद वापर, तुकडा वर मोकळा ठेव.

---

आकडेमोड

बाणेर रोड यांचं भागाकाराचं म्हणणं पटतं पण एक भीती वाटते, मायोसिनने भागून जे उरेल तेच 'खरं' आणि कोलॅजन वगैरे 'कचरा' असं ओवीने लिहू नये. कोलॅजन वाढणं हा आजारच आहे. तंतू मरतात, पुन्हा तयार होतात, पुन्हा मरतात, शेवटी नव्याने बनायची ताकद संपते आणि रिकाम्या जागी तंतुमय ऊती आणि चरबी भरते, पोरगं खुर्चीत बसतं ते यामुळे. डायाफ्राम कडक झाला की श्वास. हे यादीतून काढून टाकलं तर उरलं काय?

तेव्हा दोन वेगळी टेबलं कर. एक, अख्ख्या स्नायूत काय बदललं. दोन, तंतूच्या हिशोबात काय बदललं. जे दोन्हीकडे आहे त्यावर जास्त बोल. आणि ३ विरुद्ध ३ उंदरांवर १६०० चाचण्या केल्यास तर नुसत्या योगायोगानेच ५ टक्क्यांच्या हिशोबाने ८० प्रोटीन 'बदललेली' निघतील, म्हणून फॉल्स डिस्कव्हरी करेक्शन लावलंय का ते बाहेरच्या लॅबला विचार, बरेचदा लावलेलं नसतं.

---

बाणेर_रोड

आकडेमोड, मान्य, मी घाईत लिहिलं. दोन टेबलं हेच बरोबर.

ॲल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिनचं राहिलं होतं. दोन्ही सारख्या प्रमाणात वाढले असतील तर तो स्नायूत राहिलेल्या रक्ताचा परिणाम असायची शक्यता जास्त. हिमोग्लोबिन तेवढंच आणि ॲल्ब्युमिन वर, असं असेल तर गंमत आहे, कारण फाटलेल्या आवरणातून क्रिएटिन कायनेज बाहेर जातं तसं रक्तातलं ॲल्ब्युमिन आतही शिरतं. इव्हान्स ब्लू टोचून जखमी तंतू निळे दिसतात ते याच तत्त्वावर, तो रंग ॲल्ब्युमिनला चिकटून आत जातो.

आणि मावशींच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथेच आहे बघ. डिस्ट्रोफिन एकटं नसतं, डिस्ट्रोग्लायकन, सार्कोग्लायकन, सिन्ट्रोफिन, एनएनओएस अशी सगळी टोळी त्याच्या आधाराने आवरणावर उभी असते, खुंटी गेली की टांगलेलं सगळं खाली येतं. आधार नाही म्हणून आकुंचनाच्या प्रत्येक झटक्याला आवरण फाटतं, कॅल्शियम आत घुसतं, कॅल्शियम पकडून ठेवणारी कॅल्सिक्वेस्ट्रिनसारखी प्रोटीन आधीच कमी झालेली, मग आतले प्रोटीन कापणारे एन्झाईम जागे होतात, तंतू मरतो. यादीत अल्फा-बी क्रिस्टॅलिन आहे का बघ, आणि छोटी हीट शॉक प्रोटीन, ती वर असतील. बिघडलेली प्रोटीन सावरायला पेशी ती जास्त बनवते, म्हणजे तंतू शेवटपर्यंत झगडत असतो. युट्रोफिनही बघ, ते डिस्ट्रोफिनचं भावंड, उंदरात ते बऱ्यापैकी मदतीला येतं आणि उंदराला आजार सौम्य असण्यामागचं एक कारण तेच धरतात.

वयाचंही लिही. एमडीएक्समध्ये तिसऱ्या आठवड्यापासून तंतू मरायची लाट येते, मग पाय बराच सावरतो, ८ आठवड्यांची पोटरी म्हणजे बरीचशी दुरुस्त होत आलेली पोटरी. माणसाच्या जवळ जाणारं चित्र डायाफ्राममध्ये मिळतं. डायाफ्राम ठेवलायस ना, तो आधी कर.

---

कोथरूडची_आई

मी सायन्सची नाही, बँकेत आहे. माझा मुलगा ११ वर्षांचा, ड्युशेन, एक्झॉन ४५ ते ५० नाहीत. गुगलवर काहीतरी शोधताना इथे आले आणि सगळं वाचलं, अर्धं कळलं, पण ते भागाकाराचं वाचून मला रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय.

तो साडेचार वर्षांचा असताना आम्ही पर्वतीला गेलो होतो. दहा-बारा पायऱ्या चढला आणि बसला. मी रागावले, आळशी आहेस म्हणाले. उठताना त्याने आधी हात जमिनीवर टेकले, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला. मागून एक आजोबा येत होते ते म्हणाले पोटऱ्या बघा पैलवानाच्या, आणि मला बरं वाटलं. खरंच भरदार होत्या त्याच्या पोटऱ्या. त्या पोटऱ्यांमध्ये काय भरलं होतं ते आज तुमच्या ९० आणि ६० वरून नीट कळलं.

नंतर एकदा तापात रक्त तपासलं तर एसजीओटी एसजीपीटी वाढलेले. लिव्हरचे डॉक्टर, लिव्हरची औषधं, पथ्य, चार महिने. कोणी म्हणालं नाही की ही एन्झाईम स्नायूतूनही येतात. पाचव्या महिन्यात एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याला जमिनीवरून उठायला सांगितलं, फक्त उठायला, आणि सीपीके, म्हणजे तुम्ही म्हणता ते क्रिएटिन कायनेज, करायला लावलं. १८ हजार. मग जेनेटिक टेस्ट, त्यात सगळं कळलं म्हणून बायोप्सी करावी लागली नाही.

गेल्या वर्षी सीपीके ४ हजार आलं. घरात सगळे खूश, सासूबाईंनी सारसबागेच्या गणपतीला मोदक नेले. मीही खूश होते, खोटं नाही बोलत. डॉक्टरांनी खूप हळू आवाजात सांगितलं की गळायला स्नायूच कमी राहिलाय. ओवी, तू म्हणतेस ना मावशी विचारते, तिला सांग की मला हे माहीत असतं तर बरं झालं असतं, आकडा कमी झाला म्हणजे काय ते कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

माझा प्रश्न एवढाच. तुमच्यासारख्या अभ्यासाला आमच्या मुलांचं काही लागतं का? स्नायूचा तुकडा मी देऊ देणार नाही, पण रक्त, लघवी काही चालतं का?

---

बाणेर_रोड

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून धन्यवाद. तुमचं वाचून मी लॅबमधल्या दोन मुलांना बसवून वाचून दाखवलं.

हो, रक्त आणि लघवी दोन्ही चालतं, आणि तुकडा द्यायला तुम्ही नाही म्हणताय ते अगदी बरोबर, नुसत्या उत्सुकतेसाठी मुलाला चिरा देऊ नये. रक्तात क्रिएटिन कायनेजशिवाय कार्बॉनिक ॲनहायड्रेज ३, मायोमेसिन ३ अशी स्नायूतून गळलेली बरीच प्रोटीन सापडलीत. लघवीत टायटिनचे तुकडे येतात, टायटिन हे शरीरातलं सगळ्यात मोठं प्रोटीन, ते आत कापलं जातं आणि एक टोक लघवीपर्यंत पोचतं. सुई नाही, काही नाही.

पण तुमच्या सीपीकेची जी गोष्ट आहे तीच इथेही लागू होते. लघवी कधी पातळ कधी दाट, म्हणून आकडा क्रिएटिनिनने भागतात. आता क्रिएटिनिन येतं कुठून, स्नायूतल्याच क्रिएटिनपासून. स्नायू कमी झालेल्या मुलाचं क्रिएटिनिन मुळातच कमी, म्हणजे भागणारा आकडा लहान आणि उत्तर फुगलेलं. म्हणून अशा अभ्यासात वय, वजन, चालतो की नाही, स्टिरॉइड चालू आहे का, आदल्या दिवशी फिजिओथेरपी जास्त झाली का, हे सगळं लिहून घेणारा माणूस हवा. कोणी नुसती बाटली भरून मागितली आणि यातलं काही विचारलं नाही तर देऊ नका. लेखी संमती आणि एथिक्स कमिटीचा कागद मागा, तो तुमचा हक्क आहे.

एक्झॉन ४५ ते ५० म्हणजे एक्झॉन ५१ वगळण्याच्या औषधाच्या गटात तो बसतो हे तुम्हाला माहीत असेलच. इथल्या मुलांसाठी सांगते, एटेप्लिर्सेन या अशाच औषधाला अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा मोठा वाद याच ब्लॉटवर होता. १२ मुलांमध्ये औषधाआधी डिस्ट्रोफिन सरासरी नॉर्मलच्या ०.१६ टक्के आणि ४८ आठवड्यांनी ०.४४ टक्के. एवढ्या छोट्या आकड्यांचा ब्लॉट, त्यावर किती आया-बापांच्या आशा, आणि खाली कशाने भागलं, तुकड्यात किती तंतू होते, कुठली पट्टी किती वेळ एक्स्पोज केली, यावर उत्तर हलतं. ओवी, तुझ्या प्रोजेक्टला लहान समजू नकोस.

---

क्रायोस्टॅट_काका

ताई, मुलगा शाळेत जातो का? दाखल्याचं झालंय का? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव वेगळं आहे, युडीआयडी कार्ड काढून ठेवा, परीक्षेला लेखनिक वगैरे त्यावर मिळतो. विषय सोडून आहे पण राहवलं नाही.

---

कोथरूडची_आई

हो काका, सहावीत आहे, कार्ड काढलंय. शाळेने त्याचा वर्ग तळमजल्यावर आणला. आमच्या सोसायटीला मात्र लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर आम्ही त्याला उचलून नेतो, आता तळमजला बघतोय.

---

ओवी_एमएस्सी

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, पण रिकाम्या हाताने यायचं नव्हतं.

डिस्ट्रोफिन दिसलं!! ५ टक्क्यांचं जेल, रात्रभर वेट ट्रान्सफर, एसडीएसवालं बफर, आणि तीच जुनी अँटीबॉडी जी मी चालत नाही म्हणून बाजूला ठेवली होती. नॉर्मलच्या तिन्ही लेनमध्ये वर अगदी बारीक, काडीने ओढल्यासारखी रेघ, एमडीएक्समध्ये काही नाही. पहाटे पावणेसहाला दिसलं, लॅबमध्ये मी एकटीच होते, मावशीला फोटो पाठवला. तिने फोन केला आणि विचारलं यातली आपल्या सोनूची कुठली. मी सांगितलं की हे उंदराचं आहे, पण त्याची असती तर ही रिकामी जागा. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली फोटो ठेवते.

कंट्रोलचं बाणेर रोड ताई म्हणाल्या तसंच निघालं, एमडीएक्स ब्लॅक टेनवरचेच आहेत. नवे कंट्रोल माझ्या मुदतीत मिळणार नाहीत, पण एका ओळखीच्या लॅबने ब्लॅक टेनच्या गोठवलेल्या पोटऱ्या द्यायचं कबूल केलंय, वय ९ आठवडे, तेवढं चालेल असं गाईड म्हणतात. ते येईपर्यंत जातीचा फरक अजून यादीत आहे हे मी थीसिसमध्ये सरळ लिहिणार.

जुन्याच डेटावर करेक्शन लावून घेतलं, खरंच लावलेलं नव्हतं, २१० ची ११८ राहिली. मायोसिनने भागून दुसरं टेबल केलं तर खाली गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त गायब. कॅल्सिक्वेस्ट्रिन राहिलं, ॲडेनिलेट कायनेजही. अल्फा-बी क्रिस्टॅलिन वर आहे, काल बघितलं. ॲल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन जवळजवळ सारखेच वाढलेत, म्हणजे रक्तच, धुण्यात मी कमी पडले.

डायाफ्रामचं मात्र वाईट झालं. गेल्या गुरुवारी लाईट गेली, बॅकअप चालू झाला नाही आणि आमचा फ्रीझर पाच तास बंद होता, वरच्या कप्प्यातले सहापैकी चार तुकडे वितळून परत गोठले. काका, एक नॉर्मल आणि एक एमडीएक्स खालच्या कप्प्यात होते ते घट्ट आहेत, पण तेही तुम्ही म्हणालात तसेच नुसते ट्यूबमध्ये घालून ठेवलेले. सेक्शन कापून स्लाइड बघितली तर जाळी आहे, पण सिरियस रेड छान चढलंय आणि एमडीएक्समध्ये लाल पट्टे तंतूंच्या मधून स्पष्ट फिरलेत. या दोघांवरून लाल भाग मोजला तर चालेल का, की जाळीमुळे तंतूंचा भाग कमी भरेल? फोटो उद्या सकाळी टाकते, आत्ता मायक्रोस्कोप दुसऱ्याकडे आहे.